जिन्याचं राहिलं

घणाचा आवाज क्रांतीला रस्त्याच्या वळणावरच ऐकू आला. तिनं स्कूटर आवारात घातली आणि हेल्मेट न काढताच ती समोरच्या खोलीत शिरली. कोंडाजी गवंडी खिडकीखालचा चिरा सुटा करत होता. त्याच्या भुवया लाल भुकटीनं माखल्या होत्या.

"कोणी सांगितलं फोडायला?"

"चाचींनी." कोंडाजीनं घण खाली टेकवला. "म्हनल्या, खिडकी हातभर खाली घ्या."

"अहो, हीच खिडकी आपण गेल्या महिन्यात वर घेतली."

"व्हय. मीच घेतली व्हती."

क्रांती भिंतीतल्या भगदाडाकडे पाहत राहिली. मग हेल्मेट काढून ती बाहेर आली. बदामाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर सुगराचाची बसल्या होत्या. शेजारच्या स्टुलावर थर्मास, पालथे घातलेले पेले आणि फडक्याखाली घावण्यांची थाळी. ज्या घराचं काम चाललं होतं ते त्यांचंच, पण पाहणाऱ्याला वाटावं की त्या कुणाच्या लग्नघरी लवकर येऊन बसल्या आहेत.

"आलीस? बस. आधी चहा घे."

"चाची, खिडकी पुन्हा का फोडली?"

"बसल्यावर खाडी दिसत नाय बेटा. नुसतं आभाळ दिसतं."

"पण तुम्हीच म्हणाला होतात की रस्त्यावरचे लोक आत बघतात, म्हणून वर घेतली."

"तेव्हा तसं वाटलं."

"आणि आता?"

सुगराचाचींनी थर्मासचं झाकण फिरवलं. पेल्यात चहा ओतताना त्यांनी मान वर केली नाही.

"आता वाटतं, बघूदेत."

क्रांतीला राग आला होता, पण सत्तरीच्या बाईवर तो काढायचा कसा ते तिला कळेना. तिनं चहा घेतला. चौकट पुन्हा बसवायची म्हणजे सुताराला बोलवायचं, रंगाऱ्याला पुढे ढकलायचं. ती मनातल्या मनात दिवस मागे-पुढे करत राहिली. सुगराचाची मात्र तिला घावणं वाढून कोंडाजीला हाक मारत होत्या, सुताराच्या मुलीचं बाळंतपण कुठवर आलं ते विचारत होत्या.

हे क्रांतीचं स्वतःच्या नावावरचं पहिलं घर होतं. मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये तिनं उमेदीची वर्षं काढली होती. तिथं ती काढायची ते जिने आणि स्वच्छतागृहं, आणि नकाशाच्या कोपऱ्यात सही दुसऱ्याची असे. मग तिनं आणि तिथल्याच विनेशनं मिळून बोर्ली पंचतनला ऑफिस टाकायचं ठरवलं. तिचं मूळ गाव तिथून जवळच, आत डोंगराकडे. तिथलं घर बंद होतं, आई गेल्यापासून वडील भावाकडे पनवेलला असत. बाजारपेठेत एका कापडदुकानावरची खोली तिनं भाड्यानं घेतली. विनेशला त्याच सुमारास बंगळुरूची नोकरी लागली. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं टेबल आणि प्रिंटर तिच्याकडेच ठेवले.

या घराआधी तिनं एका ग्रामपंचायतीसाठी एसटीचा थांबा केला होता. बसायला रुंद चिऱ्याचा कट्टा, उन्हाच्या बाजूला जाळीची भिंत, पावसाचं पाणी अंगावर येणार नाही असा वळचणीचा उतार. तो झाल्यावर एसटी थोडी पुढे, वडापावच्या गाडीपाशी थांबू लागली. माणसंही तिथंच उभी राहत. क्रांती त्या रस्त्यानं जाताना स्कूटर हळू करी. कट्ट्यावर कधीच कुणी नसे.

म्हणून दोह्याहून फैझानचा फोन आला तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं. वादळात त्याच्या आईच्या घराचं छप्पर गेलं होतं. तेव्हापासून सुगराचाची मागच्या वाचलेल्या स्वयंपाकघरातच राहत होत्या. दोह्याला जायला त्या तयार नव्हत्या. एकदा गेल्या होत्या, पण विसाव्या मजल्यावर त्यांना चक्कर येई. "अम्मीला चांगलं घर पाहिजे," फैझान म्हणाला होता, "आणि आम्ही आलो की आम्हाला राहता आलं पाहिजे."

पहिल्या भेटीत क्रांतीनं लॅपटॉपवर चित्र दाखवलं. पुढे ओटी, मध्ये मोकळा चौक, वर दोन खोल्या. वास्तुविशारद घालतात तशी तिनं चित्रात माणसं घातली होती. ओटीवर एक बाई, चौकात पळणारं मूल, जिन्यावर हात टेकून उभा पुरुष. सुगराचाचींनी घराकडे पाहिलंच नाही.

"ही कोण?"

"कोणी नाही चाची. घर केवढं ते कळावं म्हणून माणसं घालतात."

"हा फैझानच हाय. असाच उभा राहतो." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही निदा, माझी सून. आणि ही पोरगी. केस बघ कसे सोडलेत."

नंतर त्यांनी ओढणी सावरली आणि म्हणाल्या, "बांध. असंच बांध."

काम सुरू झालं आणि ते संपेना. आधी मोरी डावीकडे पाहिजे होती, मग उजवीकडे. चौकातली रुंद पायरी त्यांना उंच वाटली. ती उतरवली तर ठेच लागू लागली. लादी आवडली, बसवली, मग ओली झाली की काळी दिसते म्हणून अर्धी काढली. दर वेळी त्या इतक्या गोडीनं सांगत की गवंड्यांनाही वाईट वाटत नसे. त्यांना तिथं वेळेवर चहा होता, दुपारी सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी होती, आणि प्रत्येकाच्या घरचं विचारणारं माणूस होतं. क्रांतीही आठवड्यातून एकदा येण्याच्या बोलीवर दर दोन दिवसांनी येऊ लागली होती. वाद घालायला येते, असं ती स्वतःला सांगे. पण बोर्लीतल्या खोलीवर दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नसे, हेही खरं होतं.

एकदा मोजमाप घेताना सुगराचाची आपणहून बोलल्या. त्यांचे नवरे, करमअली, सारी उमर कुवेतला होते. वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर यायचे. बाजारात फोन आला की निरोप यायचा, मग त्या धावत जायच्या.

"फोनवर काय बोलणार? तब्येत बरी हाय, जेवलो, तू जेवलीस? झालं. मग मी घराचं काढायची. विहिरीचा कठडा पडलाय, छपराची पाखी सडलीय. मग बोलायचे. इतके बोलायचे की मागचे लोक ओरडायचे." त्या हसल्या. "पाखी काय सडली नव्हती."

क्रांती हसली आणि तिनं टेपचं टोक पुढे ओढलं. त्या बोलण्याकडे तिचं तेव्हा फारसं लक्ष नव्हतं. त्याच सकाळी मुंबईहून तिला ईमेल आला होता. नव्या वास्तुविशारदांच्या कामाचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि तिचं घर त्यात निवडलं गेलं होतं. अट एकच होती, घर पूर्ण झालेलं असावं आणि त्याचे फोटो द्यावेत. तिनं ही बातमी विनेशला कळवली. त्यानं वर केलेला अंगठा पाठवला. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं. जेवलीस का?"

शुक्रवारी काम बंद असे. फोटोग्राफर यायच्या आधी रंगाचा शेवटचा हात पाहून यावा म्हणून क्रांती त्या दिवशी एकटीच आली. आवारात शांतता होती. मागच्या दारानं ती चौकात शिरली आणि आतून आवाज आला म्हणून तिथंच थांबली. सुगराचाची फोन समोर धरून समोरच्या खोलीत उभ्या होत्या. व्हिडिओवर फैझान होता, मागे निदाचा आवाज येत होता.

"ही बघ खिडकी. आता दिसते खाडी. दिसली?"

"दिसली अम्मी. छान झाली."

"आणि लादी बघ. ह्या कोपऱ्यात रंग वेगळा वाटतो की नाय?"

"नाही वाटत. निदा, बघ गं. नाही अम्मी, सेम आहे."

"मोरीचा नळ…"

"तो बदलला ना मागच्या आठवड्यात? मस्त आहे सगळं. आणखी काही?"

 क्रांतीला सुगराचाचींचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्यांची नजर खोलीभर फिरू लागली. दारावरून चौकटीकडे, चौकटीवरून वाशांकडे, तिथून भिंतीवरून खाली, कोपऱ्या-कोपऱ्यातून. गर्दीत हरवलेलं मूल शोधावं तशी ती नजर एखादी चूक शोधत होती. घर चांगलं झालं होतं. कुठंच काही नव्हतं.

"चल मग अम्मी, ठेवतो. ड्युटीवर जायचंय."

"थांब!" सुगराचाची एकदम म्हणाल्या. "जिन्याचं राहिलं."

"जिन्याला काय झालं?"

त्या लगबगीनं जिन्यापाशी गेल्या. पायऱ्या पक्क्या होत्या, कठडा बरोबर हाताखाली येत होता. क्रांतीनं तो त्यांच्याच उंचीचं माप घेऊन केला होता. सुगराचाची त्या कठड्यावरून हात फिरवत राहिल्या, आणि पलीकडून फैझान "काय झालं, काय झालं" विचारत राहिला.

क्रांती पावलांचा आवाज न करता मागे सरली. स्कूटर तिनं हातानं ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि तिथं सुरू केली.

तिला सगळं कळलं होतं. तरी सोमवारी तिनं कोंडाजीला सांगितलं, "आता कुठलाही बदल नाही. परांच्या काढा. वाळू उचलून घ्या."

"चाची काय म्हनतील?"

"मी बोलते त्यांच्याशी."

ती बोलली नाही. बोलावं लागलंच नाही. परांचीचे बांबू टेम्पोत चढताना सुगराचाचींनी पाहिलं आणि त्या आत जाऊन सगळ्यांसाठी शिरा करू लागल्या.

फोटोग्राफर गेटवेहून बोटीनं मांडव्याला उतरला आणि तिथून गाडी करून आला. भला माणूस होता, कामात चोख. त्याला सकाळचं तिरपं ऊन हवं होतं आणि मोकळ्या खोल्या. त्यानं प्लास्टिकची खुर्ची काढायला लावली, दोरीवरची ओढणी काढायला लावली.

"मी मध्ये येते काय?" सुगराचाचींनी विचारलं.

"जरासं, आजी. एकच मिनिट."

त्या उठून विहिरीमागे जाऊन उभ्या राहिल्या. एक मिनिट बरंच लांबलं. क्रांती कॅमेऱ्याच्या पडद्यात ओटीची चौकट पाहत होती. चौकट सुंदर होती. तिला एकदा वाटलं, त्यांना बोलवावं. पण ऊन सरकत होतं.

प्रदर्शनात तिच्या घरापुढे लोक थांबले. एका ज्येष्ठ बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "या जागेत केवढी शांतता आहे!" क्रांतीनं आभार मानले. मोठ्या कागदावर छापलेली ती ओटी, तो चौक, तो जिना. कुठंच कुणी नव्हतं. संध्याकाळी बाकीचे एकत्र जेवायला निघाले. तिलाही विचारलं, पण शेवटची बोट चुकेल असं सांगून ती निघाली. बोटीत ती वरच्या मजल्यावर बसली. शेजारच्या बाकावर कुणीतरी आपल्या घरच्यांना कुठवर पोचलो ते फोनवर सांगत होतं. क्रांतीनं फोन हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि पर्समध्ये टाकला.

त्यानंतर तिला सुगराचाचींकडे जायला कारण उरलं नाही. दोन-तीनदा ती त्या रस्त्यानं गेली. एकदा त्या खिडकीत दिसल्या. क्रांतीनं हात केला, पण त्यांना दिसलं की नाही कोण जाणे. काम मात्र वाढलं. फैझाननं फोटो तिकडच्या लोकांना दाखवले होते. त्याच्या ओळखीच्या युसूफभाईंना श्रीवर्धनला घर बांधायचं होतं. त्यांच्या मागे आणखी दोघं होते. क्रांतीच्या टेबलावर युसूफभाईंच्या घराची पहिली रेखाटनं पडली होती.

आषाढात पाऊस लागून राहिला होता तेव्हा फैझानचा फोन आला.

"मॅडम, अम्मी म्हणते छप्पर गळतंय. जरा बघून येता का? फोनवर मला काहीच दिसत नाहीये."

ती रेनकोट घालून निघाली. ओटीवर पाय ठेवताच तिनं सवयीनं वर पाहिलं. वासे कोरडे होते. कौलांखालच्या रीपा कोरड्या होत्या. तिनं वर जाऊन दोन्ही खोल्या पाहिल्या, भिंतींवरून हात फिरवला, कौलांच्या सांध्यांवर टॉर्च मारला. कुठं ओल नव्हती. एवढ्या पावसात अंगणात पागोळ्यांची सरळ रांग पडत होती आणि आत एक थेंब नव्हता. ती खाली आली तेव्हा चहा तयार होता. सोबत घावणे. पेले दोनच होते.

"आज गळायचं थांबलंय वाटतं," सुगराचाची म्हणाल्या. त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या.

"फैझानभाई रोज करतात ना फोन?"

"करतो. बिचारा दमलेला असतो. तब्येत विचारतो, जेवण विचारतो." त्यांनी पेला तिच्यापुढे सरकवला. "ईदला येणार होता. सुट्टी नाय मिळाली."

घर गरम नव्हतं, थंड नव्हतं. वारा खाडीकडून येऊन चौकातून वर निघून जात होता, तिनं कागदावर बाण काढून दाखवला होता अगदी तसाच. वरच्या खोल्यांत गाद्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, हे तिनं मघाशीच पाहिलं होतं. तिनं चहा संपवला. मग तिथंच बसून तिनं फैझानला फोन लावला.

"पाहिलं मी. गळतंय."

सुगराचाचींचा पेला तोंडाशी थांबला.

"गळतंय?" फैझानचा आवाज चढला. "म्हणूनच मी स्लॅब म्हणत होतो, मॅडम. तुम्ही म्हणालात, कौलं नीट बसवली की थेंब येत नाही."

"म्हणाले होते."

"मग?"

"माझं चुकलं असेल कुठंतरी."

 फैझान म्हणाला, "मग करून घ्या दुरुस्त. कोंडाजीला बोलवा."

"नुसतं तेवढ्यानं होणार नाही. कौलं उतरवायची की काय करायचं, ते मालकासमोर ठरलं पाहिजे. चाचींवर मी ते टाकणार नाही. तुम्हीच या."

"आत्ता? पावसात?"

"पावसातच यायला हवं. पाऊस गेल्यावर गळती सापडत नाही."

 पलीकडे तो निदाशी काहीतरी बोलत असावा. पोरीचा आवाज आला, शाळेला सुट्टी आहे असं काहीसं.

"मी युसूफभाईंना तुमचं नाव दिलं होतं, मॅडम."

"माहीत आहे."

"त्यांना आता थांबा म्हणून सांगावं लागेल. उद्या त्यांच्याकडे असंच झालं तर…"

"सांगा तुम्ही."

"बघतो तिकिटांचं," तो तुटकपणे म्हणाला आणि फोन ठेवला.

क्रांतीनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. पाऊस कौलांवर एकसारखा वाजत होता. सुगराचाची तिच्याकडे पाहत होत्या.  त्यांनी हातातला पेला खाली ठेवला आणि विचारलं,

"कुठनं गळतंय गं?"

क्रांतीनं वर पाहिलं. शिसवी रंगाचे वासे सरळ रांगेत बसले होते. तिनं बोट वर केलं.

"तिथून. त्या दोन वाशांच्या मधून."

सुगराचाची मान वर करून त्या जागेकडे पाहत राहिल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. आतून भांडी हलवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ॲल्युमिनियमचा मोठा टोप होता. वाकून त्यांनी तो कोरड्या लादीवर ठेवला. एक पाऊल मागे सरून आधी वर पाहिलं, मग खाली, आणि पायाच्या बोटांनी टोप जरासा उजवीकडे सरकवला, क्रांतीनं दाखवलेल्या जागेच्या बरोबर खाली.